कापडी कुंडीला लोणा लागलाय? ओलं फडकं आधी बाजूला ठेवा

घरात ठेवलेल्या कापडी कुंडीवर बाहेरून पांढरट थर दिसायला लागला की हात आपोआप ओल्या फडक्याकडे जातो. पुसलं की थर जातो, कुंडी पुन्हा काळीभोर दिसते. आठ-दहा दिवसांनी तो परत येतो, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा रुंद पट्टा घेऊन येतो. पहिल्या वर्षी मी एकच कुंडी चार वेळा अशी पुसली. चौथ्या वेळेला लक्षात आलं की मी क्षार काढत नव्हते, नुसते विरघळवून परत कापडात मुरवत होते.

चूक पुसण्यात नाही, क्रमात आहे. भिंतीला लोणा लागतो तसाच हा प्रकार. कापडी कुंडी चारही बाजूंनी श्वास घेते, म्हणजे आतलं पाणी कापडापर्यंत येतं आणि तिथून उडून जातं. पाण्यातले आणि खतातले क्षार उडत नाहीत, ते कापडावरच बसतात. प्लास्टिकच्या कुंडीतही क्षार साठतात, फक्त ते वरच्या मातीवर दिसतात. कापडावर आलेले क्षार मुळांपासून सुटलेले असतात. झाडाला त्रास देतात ते आत राहिलेले. म्हणून आधी आतलं धुवायचं आणि मग बाहेरचं.

क्षार किती साठतात याचा अंदाज हवा असेल तर सोपा हिशेब करा. पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि कुंडीला एक दिवसाआड एक लिटर पाणी जातं असं धरू. महिन्याला १५ लिटर, म्हणजे साडेचार ग्रॅम क्षार. सहा महिन्यांत २७ ग्रॅम. खत यात धरलेलंच नाही. झाड त्यातलं काही उचलतं, पण खालून पाणी कधीच वाहून जात नसेल तर उरलेलं सगळं त्या कुंडीतच राहतं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

मऊ केसांचा कोरडा ब्रश (रंगकामाचा जुना चालतो), जुनं वर्तमानपत्र, मास्क, साधं पांढरं व्हिनेगर (५ टक्क्यांचं), स्पंज, दोन सुती फडकी, न छापलेला पांढरा टिश्यू पेपर, भिंग आणि झारीचं बारीक तोंड. ईसी किंवा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तरी काम अडत नाही. कुंडी ठेवायला जाळीचा स्टँड किंवा उलटी घातलेली प्लास्टिकची टोपली लागेल. ही सोय आधीच करून ठेवा. पाण्याने भरलेली दहा लिटरची कुंडी हातात घेऊन जागा शोधत फिरायची वेळ येऊ नये.

टप्पा १: पांढरं म्हणजे नक्की काय, ते ओळखा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. कारण क्षार असतील तर ब्रश कोरडा चालवायचा, आणि बुरशी असेल तर कोरडा ब्रश अजिबात लावायचा नाही. एकाचा उपाय दुसऱ्याला उलटा पडतो.

कुंडी उजेडात आणा आणि भिंगातून बघा. क्षाराचा थर खरखरीत दिसतो. त्यात बारीक कण किंवा सुयांसारखे स्फटिक असतात, आणि तो बहुधा तळापासून दोन-तीन बोटं वर आडव्या रेघेत बसलेला असतो. बशीतलं पाणी जिथपर्यंत वर चढतं आणि जिथून उडायला लागतं, ती ही रेघ. शिवणीवर आणि कडी शिवलेल्या जागी थर जास्त जाड असतो, कारण तिथे कापड दुहेरी असतं.

आता नखाने थोडं खरवडून दोन चाचण्या करा.

पहिली, व्हिनेगरची. खरवडलेली पूड चमच्यात घेऊन बोटाने चुरडा आणि वर दोन थेंब व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे आले तर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम कार्बोनेट आहे, म्हणजे जड पाण्याचा चुना. बुडबुडे आले नाहीत म्हणून क्षार नाहीत असा निष्कर्ष काढू नका. सल्फेट, नायट्रेट आणि क्लोराइड या क्षारांना फेस येत नाही, आणि खतातून येणारे बहुतेक क्षार याच गटातले.

दुसरी, पाण्याची. दुसऱ्या चिमटीवर साधं पाणी टाकून ढवळा. पटकन विरघळलं तर खताचे क्षार, तळाशी तसंच पडून राहिलं तर चुना. बहुतेक कुंड्यांवर दोन्हींची सरमिसळ असते.

बुरशी असेल तर कापसासारखे धागे दिसतात, बोट फिरवलं की ते चपटे होतात, आणि नाकाजवळ नेलं तर ओलसर कुबट वास येतो. ती रेघेत नसते, ठिपक्याठिपक्यांनी असते आणि भिंतीला चिकटलेल्या, हवा न लागणाऱ्या बाजूला जास्त असते.

पिठ्या ढेकूण असेल तर कापसाचे छोटे पुंजके शिवणीत आणि तळाच्या घडीत दडलेले सापडतात. टाचणीने दाबलं तर आतून पिवळसर-गुलाबी ओल येते. आणि कुंडी नुकतीच भरलेली असेल तर ती नुसती परलाइटची (मातीत मिसळतात त्या हलक्या पांढऱ्या कणांची) धूळ असू शकते. एकदा झटकली की ती परत येत नाही.

> सावधान: चव घेऊन क्षार ओळखायचा प्रयत्न करू नका. आणि कापड ओलं असताना तपासणी करू नका. क्षाराचा थर ओला झाला की दिसेनासाच होतो.

बुरशी निघाली तर पुढचे टप्पे तुमच्यासाठी नाहीत. मास्क लावून कुंडी मोकळ्या हवेत न्या, थर हलकेच ओला करा म्हणजे बीजाणू उडणार नाहीत, ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि ते फडकं टाकून द्या. मातीवरचा कुजका पाला काढा, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर सोडा आणि हवा खेळती ठेवा. ही बुरशी सहसा कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर जगते, झाडावर नाही. त्यामुळे बुरशीनाशक ओतायची घाई नको. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं. पिठ्या ढेकूण निघाला तर कुंडी लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवा, ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुंजके टिपा, आणि मुळांचा गोळा अलगद वर काढून मुळांवरही तो आहे का ते बघा.

क्षार आहेत अशी खात्री झाली असेल तर पुढे चला.

टप्पा २: कोरडं काम

चार-पाच दिवस खत बंद ठेवा आणि कुंडीतलं मिश्रण (माती, कोकोपीट जे काही भरलं असेल ते) वाफशावर येऊ द्या. पार सुकवायचं नाही, फक्त बाहेरचं कापड हाताला कोरडं लागलं पाहिजे. मग वर्तमानपत्र पसरून त्यावर कुंडी ठेवा, मास्क लावा आणि मऊ ब्रश वरून खाली चालवा. खालून वर चालवला तर सगळी पूड मातीत पडते, म्हणजे बाहेर आलेले क्षार आपणच परत आत टाकतो. कापड विणलेलं नसून दाबून केलेलं असतं. तारेच्या ब्रशने किंवा जोरात घासलं तर त्याचे तंतू सुटतात, कापड केसाळ होतं आणि पुढच्या वेळी क्षार त्यात आणखी घट्ट बसतात. कोरड्या ब्रशने निम्म्याच्या वर थर निघतो. राहिलेल्याची आत्ता काळजी नको.

आता वरची माती बघा. तिच्यावर पांढरी किंवा तपकिरी कडक साय धरली असेल तर चमच्याने वरचं साधारण एक-दोन सेंटिमीटर काढून टाका. त्याहून खोल गेलात तर बारीक मुळ्या तुटतील. रिकाम्या जागी नवीन मिश्रण लगेच भरू नका. आधी आतलं धुऊन होऊ द्या.

> तपासा: वर्तमानपत्रावर पडलेली पूड थेट कचऱ्यात. दुसऱ्या कुंडीत “खत म्हणून” टाकणारे मी पाहिलेत.

टप्पा ३: आतलं धुणं

खरं काम हे. कापडी कुंडीत ते थोडं फसवं असतं, कारण पाणी जोरात ओतलं तर ते तळापर्यंत न जाता वरच्या बाजूच्या कापडातूनच बाहेर पडतं. खालून धार लागलेली दिसते, आपल्याला वाटतं झालं, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पीट (दलदलीतल्या शेवाळाचा भुसा) एकदा पार सुकलं की पाणी सहज धरत नाही, त्यामुळे हा घोटाळा आणखी वाढतो.

किती पाणी लागेल? कुंडीच्या आकाराच्या दुप्पट. दहा लिटरच्या कुंडीला वीस लिटर. आकडा ऐकून पाचावरच थांबणारे बरेच असतात, पण तेवढ्याने क्षार निघून जात नाहीत, फक्त वरून खाली सरकतात.

१. कुंडी मोरीत किंवा न्हाणीघरात, जाळीच्या स्टँडवर ठेवा. वरच्या काठाला धरून उचलू नका, दोन्ही हात तळाखाली घाला. कापड वाकलं की आतला मुळांचा गोळा तुटतो.

२. बाजूंना वरपासून तळाच्या दोन बोटं वरपर्यंत प्लास्टिकचा कागद सैल गुंडाळा आणि दोरी बांधा. पाणी बाजूने न पळता खाली जातं. तळ मोकळाच ठेवा.

३. खोलीच्या तापमानाचं एक-दीड लिटर पाणी झारीने हळूहळू सगळीकडे द्या आणि वीस-तीस मिनिटं थांबा. हे पाणी धुण्यासाठी नाही, सुकलेलं मिश्रण भिजून पाणी धरायला लागावं आणि जमलेले क्षार विरघळावेत म्हणून आहे. हा थांबा गाळू नका.

४. आता उरलेलं पाणी चार-पाच हप्त्यांत द्या. प्रत्येक हप्त्यानंतर खालची धार थांबेपर्यंत वाट पाहा. सगळ्यात पहिलं निथळलेलं पाणी एका पेल्यात बाजूला काढून ठेवा.

५. शेवटच्या हप्त्याचं निथळलेलं पाणीही दुसऱ्या पेल्यात घ्या.

पाणी कोणतं? पावसाचं किंवा आरओचं गाळलेलं पाणी असेल तर छानच. नसेल तर नळाचंच घ्या. जड पाणी असलं तरी ते कुंडीत साठलेल्या क्षारांच्या मानाने पातळच असतं. शेवटचा एक-दोन लिटर तेवढा हलक्या पाण्याचा दिला तरी पुरे.

> तपासा: मीटर असेल तर दोन्ही पेल्यांचा ईसी मोजा. पहिल्या पेल्याचा आकडा ३-४ मिलिसीमेन्सच्या पुढे गेला असेल तर बहुतेक घरातल्या झाडांसाठी ते जास्तच होतं. शेवटचा आकडा तुम्ही घातलेल्या पाण्याच्या आसपास आला पाहिजे, नाहीतर आणखी एक हप्ता द्या. मीटर पीपीएममध्ये दाखवत असेल तर तो कोणत्या मापाचा आहे ते बघा: १ मिलिसीमेन्सला काही मीटर ५०० दाखवतात, काही ७००. मीटरच नसेल तर काचेच्या तुकड्यावर तीन थेंब शेजारी शेजारी ठेवा, पहिल्या पेल्याचा, शेवटच्या पेल्याचा आणि साध्या पाण्याचा. वाळू द्या आणि काच काळ्या कागदावर धरा. पहिल्याचं वर्तुळ ठळक पांढरं दिसेल. दुसरं आणि तिसरं जवळपास सारखं दिसलं की धुणं पुरलं.

हा टप्पा कोणी करू नये? नुकतं कुंडी बदललेलं झाड, मुळं कुजल्याचा संशय असलेलं झाड, आणि वाढ थांबलेल्या काळातले निवडुंग किंवा गुबगुबीत पानांची झाडं. त्यांना एवढं पाणी क्षारांपेक्षा आधी मारेल. मुळं कुजली असतील तर माती बदलणं हाच मार्ग.

टप्पा ४: आता कापड

प्लास्टिकचा कागद सोडा. कापड आतून ओलंचिंब आहे, आणि तसंच हवं. कापड आणि मिश्रण पाण्याने आधीच भरलेलं असलं की व्हिनेगर आत शोषलं जात नाही, बाहेरच्या थरावरच काम करतं. कोरड्या कापडाला व्हिनेगर लावलं तर ते सरळ मुळांकडे जातं. क्रम उलटा का करू नये, याचं हे दुसरं कारण.

एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी असं मिसळा. स्पंज बुडवून पिळा, थेंब गळता कामा नये, आणि डागांवर टेकवून धरा. एका वेळी तळहाताएवढा भाग घ्या. पाच-दहा मिनिटांनी साध्या पाण्याच्या स्पंजाने तीन-चार वेळा टिपून घ्या, मग कोरड्या फडक्याने दाबून ओल ओढून घ्या. घासायचं नाही, टिपायचं. व्हिनेगर फक्त चुन्यावर चालतं. टप्पा १ मध्ये बुडबुडे आले नसतील तर नुसतं पाणी पुरतं.

हट्टी डागासाठी एक युक्ती आहे. जुन्या दगडी आणि मातीच्या वस्तूंमधून क्षार काढायला संग्रहालयांत जी पद्धत वापरतात तीच, घरगुती आकारात. पांढऱ्या टिश्यू पेपरचे तीन-चार पदर साध्या पाण्यात भिजवून डागावर घट्ट चिकटवा आणि तसेच वाळू द्या. पाणी आता कापडावरून नाही, कागदावरून उडतं, त्यामुळे क्षारही कागदात येऊन बसतात. वाळलेला कागद सोलून बघा, त्याच्या कडा कुरकुरीत आणि पांढऱ्या झालेल्या असतात. दोन-तीन वेळा केलं की शिवणीतला डागसुद्धा फिका पडतो.

> सावधान: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकही लावू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. साबण आणि कपड्यांची पावडर झाड लावलेल्या कुंडीला नकोच.

टप्पा ५: वाळवा, आणि मगच निकाल लावा

कुंडी पूर्ण निथळू द्या, तासभर तरी. मग जाळीच्या स्टँडवर हवेशीर जागी ठेवा. आधी म्हटलं तसं, ओल्या कापडावर क्षार दिसत नाहीत. त्यामुळे “स्वच्छ झाली” हे तीन-चार दिवसांनी, कापड कोरडं झाल्यावर ठरवा. तेव्हा हलकीशी पांढरी झाक उठेल. घाबरू नका, ते धुताना कापडापर्यंत आलेले शेवटचे क्षार असतात. कोरडा ब्रश एकदा फिरवला की झालं. जाड खरखरीत थर पुन्हा उठला तर मात्र टप्पा ३ अर्धवट झाला होता.

वरच्या रिकाम्या जागेत आता नवीन मिश्रण भरा. कोकोपीट घालणार असाल तर धुतलेलं घ्या. न धुतलेल्यात मुळातच सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड बरंच असतं.

धुण्यात नायट्रेटही वाहून जातं, तेव्हा आठवड्याभराने अर्ध्या मात्रेचं खत द्या. आधी नको. पानांचे शेंडे करपलेत म्हणून “ताकद” म्हणून खत वाढवणं ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महागात पडणारी चूक. शेंडे क्षार जास्त झाल्यामुळे करपलेले असतात आणि आपण आणखी क्षार घालतो. करपलेला भाग परत हिरवा होत नाही, नवीन पान कसं येतं ते बघा. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर जड पाण्याने पीएच वर गेल्यामुळे लोह मिळत नसण्याची शक्यता मोठी.

टप्पा ६: पाणी देण्याची सवय बदला

नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा टप्पा १.

कापडी कुंडी लवकर सुकते, म्हणून आपण रोज थोडं थोडं पाणी घालतो. ते सगळं वरच्या थरातच उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यापेक्षा कमी वेळा पण भरपूर द्या, घातलेल्याच्या १० ते २० टक्के पाणी खालून निथळेल एवढं. बशीतलं पाणी अर्ध्या तासाच्या आत ओता. कापड ते परत वर ओढतं, आणि मघाशी सांगितलेली तळाची रेघ तिथूनच तयार होते. एवढी एकच गोष्ट करायची तयारी असेल तर कुंडी बशीच्या तळापासून उचलून स्टँडवर ठेवा. बाकी सगळ्यापेक्षा याचा फरक मोठा पडतो.

बशीतूनच पाणी पाजायची पद्धत असेल तर महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी द्या. विद्राव्य खत देत असाल तर दोन खतांच्या मध्ये किमान एक पाणी साधं जाऊ द्या.

पाण्यात लिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या वर कठीणपणा असेल तर ते जड, १८० च्या वर फारच जड. उकळून गार केल्यावर पातेल्याच्या तळाशी चुना बसतो, तो गाळला तर पाणी थोडं हलकं होतं, पण क्लोराइड आणि सल्फेट तसेच राहतात. मीठ वापरून पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचं पाणी झाडांना देऊ नका, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. आरओ यंत्र बाहेर टाकतं ते पाणीही नको, त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. “वाया का घालवायचं” म्हणून तेच बागेला देणाऱ्यांच्या कुंड्या सगळ्यात आधी पांढऱ्या होतात. उलट नेहमीच आरओचं गाळलेलं पाणी दिलंत तर कॅल्शियम-मॅग्नेशियम खतातून द्यावं लागेल.

बाहेरून कापडाला रंग, मेण किंवा प्लास्टिकचं वेष्टण कायमचं लावू नका. पांढरं दिसणं थांबेल, पण मुळांना हवा मिळणंही थांबेल.

रिकाम्या कुंड्या

झाड नसलेली कुंडी धुणं सोपं. आधी उलटी करून वाळवा, झटका, ब्रश मारा. मग रात्रभर साध्या पाण्यात, नंतर एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी अशा मिश्रणात तासभर, आणि शेवटी दोन-तीन स्वच्छ पाणी. सावलीत पूर्ण वाळवूनच घडी घाला, ओली घडी केली तर आतून बुरशी धरते. गरम पाण्याचं किंवा वाळवणीचं यंत्र नको, कापड आकसतं.

धुऊन वाळवल्यावर कुंडीत पेलाभर पाणी ओतून बघा. ते कापडातून लगेच झिरपायला हवं. तळाशी तसंच साचून राहिलं आणि कापड पुठ्ठ्यासारखं कडक लागत असेल, तर तिची छिद्रं चुन्याने बुजली आहेत. व्हिनेगरची आणखी एक फेरी करून पाहा, त्यानेही पाणी उतरलं नाही तर त्या कुंडीत परत झाड लावू नका.